चांदणी कुणाची?

ज्या दुपारी संगणकाने भर सभेत राजमातेचा अपमान केला, त्या दुपारी दुर्दैवाने वीज होती. एरवी अनोमासे गावात दुपारी वीज नसते, आणि त्यामुळे गावात शांतता नांदते. त्या दिवशी मात्र वीजवाल्यांच्या हातून काहीतरी चूक झाली आणि पुढचं सगळं घडलं.

माझं नाव अकुआ न्यार्को. जिल्हा कार्यालयाने ‘ग्रामीण जनतेस संगणकाभिमुख करणे’ या योजनेखाली माझी नेमणूक अनोमासेला केली. कुमासीहून इथवरचा रस्ता पाहता ही नेमणूक होती की शिक्षा, यावर मतभेद होऊ शकतात. इथे शिकवणारं माणूस कुणीही असो, त्याला सगळे ‘टीचा’ म्हणतात. वर्गासाठी नानांनी, म्हणजे आमच्या गावच्या राजांनी, राजवाड्याच्या बाजूचं दालन दिलं होतं. दिलं होतं, पण तात्पुरतं. कारण त्याच दालनावर नानांचा भाचा क्वाबेना न्तिम डोळा ठेवून होता. त्याला तिथे गोठवलेल्या मासळीचं कोल्ड स्टोरेज काढायचं होतं. आमच्याकडे गादी मुलाकडे जात नाही, भाच्याकडे जाते. तेव्हा भाच्याचा डोळा ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती.

नानांनी तोड काढली. वर्गाने दरबारासमोर प्रात्यक्षिक करून दाखवावं. पसंत पडलं तर दालन वर्गाचं, नाही तर मासळीचं. क्वाबेना आदल्या दिवशीच दोन मोठे फ्रीझर आणून दाराबाहेर ठेवून गेला. त्यांच्या पांढऱ्या पाठी दिवसभर खिडकीतून दिसत राहिल्या.

प्रात्यक्षिक म्हटलं तर पोरखेळ होता. येत्या उत्सवात नानांच्या बाजूला किती खुर्च्या लागतील, ओहेमांच्या बाजूला किती लागतील, आणि मिळून किती. ओहेमा म्हणजे आमच्या राजमाता. नात्याने त्या नानांच्या थोरल्या बहीण आणि क्वाबेनाच्या आई, पण दरबारात नातं चालत नाही, हुद्दा चालतो. दोन आकडे, एक बेरीज. ही बेरीज मला आयुष्यात कधी करून दाखवता येणार नाही, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

संगणकाचा स्वभाव आमच्या दरबारासारखाच आहे. येणारा कोण, कोणत्या प्रकारचा, हे आधी जाहीर केल्याशिवाय तो कुणालाही आत घेत नाही. हे नाव म्हणजे संख्या, ते नाव म्हणजे शब्द, असं एकेकाचं आधी सांगावं लागतं. याला घोषणा म्हणतात. घोषणा झाली की मग काम सुरू करायचं असतं. हा क्रम जिल्हा कार्यालयाला समजावताना फार त्रास झाला, कारण त्यांच्याकडे घोषणा झाली की काम संपतं.

शिवाय अभ्यासक्रमातले धडे त्यांनी वर्णानुक्रमाने लावले होते. त्यामुळे पहिला धडा ‘अघोषित नाव वापरू नये’ हा होता. तो मी मोठ्या अक्षरांत रंगवून दारावर टांगला होता, आणि पुढे त्याचा पश्चात्तापही झाला. ‘चांदणी’ हा धडा दुसरा होता. ‘बेरीज’ नववा होता. परिणामी दोन आणि दोन चार हे सांगण्याआधी मला चांदणी सांगणं भाग होतं, जी समजायला शिकल्यासवरल्या माणसांना वर्ष वर्ष लागतं.

सभा भरली. नाना केंटे वस्त्र पांघरून आसनावर बसले, शेजारी ओहेमा. दोघांच्या बाजूला आपापला ओच्यामे, सोन्याच्या मुठीची काठी घेऊन. आमच्याकडे राजाशी कुणी थेट बोलत नाही. ओच्यामेशी बोलायचं, तो पुढे सांगतो. राजा दोन हातांवर बसलेला असला आणि त्याला सगळं ऐकू आलेलं असलं, तरी तो ऐकू आलेलं नसल्यासारखं बसतो.

मी फळ्यावर लिहिलं आणि तेच संगणकात भरलं:

संख्या *नाना, ओहेमा;

“नाना विचारतात,” त्यांचा ओच्यामे बाफो म्हणाला, “नावाआधी ही चांदणी कसली?”

इथे मला अवदसा आठवली. सोपं करून सांगण्याची हौस ही शिकवणाऱ्याला लागलेली कीड असते. मी म्हटलं, “चांदणी म्हणजे ओच्यामे. चांदणी लावली की ते नाव स्वतः काही धरून बसत नाही. खरी वस्तू कुठे आहे तिकडे नुसतं बोट दाखवतं. तिच्याशी बोलायचं तर चांदणीमार्फत बोलायचं.”

सभा एकदम हसली. नाना स्वतः हसले. बाफोने काठी उंचावली. “म्हणजे हे गोरे लोक आपल्या दरबारात येऊन शिकून गेले म्हणा की!” मागून कुणीतरी ढोलावर थाप मारली. खिडकीबाहेर क्वाबेनाचं तोंड उतरलं. मी मोठ्या रुबाबात कळ दाबली.

संगणकाचे चुकांचे संदेश जिल्हा कार्यालयाने आमच्या भाषेत करून घेतले होते, आणि ते ज्याच्याकडून करून घेतले होते तो मनुष्य तापट असावा. प्रोजेक्टरमधून भिंतीवर हातभर अक्षरं उमटली: ‘थांब! नानाला चांदणी आहे. ओहेमाला नाही. ती नुसती एक संख्या आहे.’

संगणकाच्या या भाषेची खोड अशी की एका ओळीत दोन नावं लिहिली आणि पुढे एक चांदणी लावली, तर ती फक्त पहिल्या नावाला लागते. दुसरं नाव उघड्यावर पडतं. जगभरातली नवशिकी माणसं इथे पडतात, उठतात, कपडे झटकतात आणि पुढे जातात. पण ती राजमातेसमोर पडलेली नसतात.

ओहेमांचा ओच्यामे त्वुम म्हातारा होता. त्याने ते वाचलं, मग स्वतःच्या काठीकडे पाहिलं. “ओहेमांना ओच्यामे नाही?” तो म्हणाला. “मग मी कोण उभा आहे इथे? खांब?”

ओहेमांनी फक्त वस्त्राचा पदर खांद्यावर नीट घेतला. सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या.

खटला तिथेच उभा राहिला. आरोपी टेबलावर होता आणि त्याचा पंखा घरघरत होता, जे उद्धटपणाचं लक्षण मानलं गेलं.

“आरोपीचं कूळ कोणतं?” त्वुमने विचारलं. आमच्याकडे कूळ आईवरून ठरतं आणि भाच्याने काही केलं तर जबाब मामाला द्यावा लागतो. “याची आई कोण?”

“मदरबोर्ड,” मी म्हटलं. खोटं बोलून चालणार नव्हतं.

“कुठे असते?”

“आतच असते.”

“बाहेर येत नाही कधी?”

“बाहेर काढली तर हा मरतो.”

बायकांत हळहळ पसरली. “बिचारी,” कुणीतरी म्हणालं. “आणि मामा?”

“मामा नाही.”

“आई आहे आणि मामा नाही!” त्वुमने काठी आपटली. “मग हे कार्टं वाढलं कुणाच्या धाकात!”

दंड ठरला: एक मेंढा आणि श्नॅप्सच्या, म्हणजे दारूच्या, दोन बाटल्या. मामा नसल्यामुळे ज्या हातांनी यंत्र गावात आलं, त्या हातांनी तो भरावा. माझे हात मी लपवले, पण ते सगळ्यांनी पाहिलेले होते. दालनाचा निर्णय मात्र लांबणीवर पडला, कारण त्याआधी चांदणी नेमकी कुणाची हे ठरणं आवश्यक होतं. त्यासाठी समिती नेमली गेली. समिती म्हणजे बाफो, त्वुम आणि मी.

बाफोचं म्हणणं, चांदणी नावाला चिकटते. “नानांच्या नावाला चिकटली, नानांची झाली. यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे?”

“अरे मूर्खा,” त्वुम म्हणाला, “ओच्यामे माणसाचा असतो की आसनाचा? उद्या नाना गेले, देव न करो, तर तू काय काठी घेऊन सोबत जाणार आहेस? तू आसनाचा आहेस. चांदणी ‘संख्ये’ला चिकटव. मग त्या आसनावर जे जे बसतील, त्या सगळ्यांना ती लागेल.”

न्याय म्हणून हा मुद्दा बिनतोड होता. मी चांदणी ‘संख्ये’ला चिकटवून लिहिली. संगणकाने तोच अपमान पुन्हा केला, शब्दशः.

“असं कसं?” त्वुमने विचारलं. “आता तर ती आसनाला चिकटलेली दिसते आहे.”

“दिसते,” मी म्हटलं. “पण आहे ती नानांचीच. तिला कुठेही चिकटवा, ती पहिल्याच नावाची.”

“म्हणजे दिसायला सगळ्यांची आणि कामाला एकाची?”

“हो.”

“मग हे यंत्र सरकारी आहे,” त्वुम म्हणाला, आणि एवढ्या एका मुद्द्यावर समितीचं एकमत झालं.

प्रकरण जिल्ह्याला गेलं. तिथून इंज. सर्व्हे. प्लॅ. बोआके-येडॉम साहेब गाडी घेऊन आले. नावाआधीच्या तीन पदव्यांतली एखादी गाळून कुणी हाक मारली तर साहेबांना ऐकू येत नाही. त्यांनी फुफू आणि बकऱ्याचा रस्सा घेतला, प्रकरण समजून घेतलं आणि परिपत्रक काढलं: ‘चांदणी प्रकारास चिकटवू नये, नावासही चिकटवू नये. दोहोंच्या मध्ये समान अंतर राखून उभी करावी, जेणेकरून कोणत्याही पक्षाच्या भावना दुखावणार नाहीत.’ संगणकाने अपमान तिसऱ्यांदा केला. साहेब म्हणाले, यंत्राला परिपत्रकाची प्रत मिळाली नसावी.

मग त्यांनी भाषाच बदलण्याची शिफारस केली. नवीन भाषेत नाव आधी आणि प्रकार मागून, मध्ये दोन टिंबं. मी सभेपुढे लिहिलं: ‘नाना : संख्या’.

बाफो फळ्याजवळ जाऊन ते बराच वेळ पाहत राहिला. “आधी नाव घ्यायचं, मग थांबून श्वास घ्यायचा आणि मग हा कोण ते सांगायचं? टीचा, हे दरबारात चालतं की तुरुंगाच्या दारात?” नानांनी मान दुसरीकडे वळवली. ती भाषा तिथेच संपली.

तिसरी भाषा आली. हिच्यात घोषणाच नव्हती. नुसतं नाव लिहायचं, समोर काहीतरी ठेवायचं, ते कोणत्या प्रकारचं आहे याचा अंदाज यंत्र आपला आपण बांधतं.

“न विचारता?” नानांनी ओच्यामेला विचारायला लावलं.

“न विचारता. नुसतं बघून.”

“आम्हाला बघून काय वाटलं त्याला?” ओहेमांनी त्वुमतर्फे विचारलं.

मी नानांच्या चाळीस खुर्च्या आणि ओहेमांच्या तीस खुर्च्या भरल्या. यंत्राने ओहेमांकडे पाहिलं आणि काय वाटलं कोण जाणे, ही संख्या नसून शब्द आहे असं ठरवलं. संख्येला शब्द जोडून त्याने उत्तर दिलं: ४०३०.

“चार हजार खुर्च्या!” क्वाबेना आनंदाने ओरडला. “मामा, यापेक्षा मासळी परवडली!”

सगळं गाव पोट धरून हसलं. ओहेमा हसल्या नाहीत. त्वुमने त्यांचे शब्द एकेक करून सांगितले: “माणूस समोर आलं की ते कोण हे त्याला विचारावं. न विचारता मनाशी ठरवून टाकणं, याच्याएवढा उद्धटपणा दुसरा नाही. पहिला तरी थांबला होता. हा तर थांबतही नाही.” तिसरी भाषाही गेली. यंत्रावरचा दंड वाढवून आणखी एक मेंढा घेण्यात आला.

आता माझ्याकडे एकच मार्ग उरला होता, जो खरं तर पहिल्या दिवशीच सुचायला हवा होता. पहिल्याच भाषेत एका ओळीत एकच नाव लिहायचं. नानांची ओळ वेगळी, तिच्यात नानांची चांदणी. ओहेमांची ओळ वेगळी, तिच्यात ओहेमांची. संगणक गप्प बसला. भिंतीवर एकही वाईट शब्द उमटला नाही. ओहेमांनी मान डोलावली, त्वुमने मला मिठी मारली आणि त्याची काठी माझ्या डोक्याला लागली. मला वाटलं, सुटका झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दालनाच्या दारात सेनापती उभे होते. “गावासाठी लढलेल्या घराण्याला एक ओळ नाही?” त्यांना ओळ दिली. मग उजव्या फळीचे प्रमुख आले, त्यांच्या मागोमाग डाव्या फळीचे, आणि मग ओळींचा क्रम कोणता यावर दोघांची जुंपली. खजिनदार, ढोलकऱ्यांचे प्रमुख, राजाच्या छत्र्या सांभाळणारे, सगळ्यांना ओळ आणि सगळ्यांना चांदणी. ज्यांना जन्मात ओच्यामे नव्हता त्यांनी चांदणी मिळताच एकेक ओच्यामे ठेवला. काठ्या करणाऱ्या सुताराचं घर दुमजली झालं.

मग ओच्यामे आले. “आम्ही सगळ्यांचा शब्द पोचवतो,” बाफो म्हणाला, “आमचा शब्द कोण पोचवणार?” चांदणीची चांदणी असते हे मला सांगायचं नव्हतं, पण ते पुस्तकात छापलेलं होतं. ओच्यामेंना दोन दोन चांदण्या मिळाल्या. या दोन चांदण्यांवाल्यांमुळे एक चांदणीवाले नाराज झाले. आता मला वर्गात पाणी हवं असलं तरी दाराशी बसलेल्या क्वेसी नावाच्या पोराला सांगावं लागे, तो छत्रीवाल्यांच्या ओच्यामेला सांगे, आणि संध्याकाळी कुणीतरी येऊन विचारे की टीचा, आपण पाण्याविषयी काही म्हणालात का.

अखेर पुन्हा सभा भरली. प्रात्यक्षिकाचा दिवस. घोषणा वाचायला सकाळी सुरुवात झाली. प्रत्येक ओळीला ढोल वाजला, ज्याची ओळ तो उठून उभा राहिला, त्याच्या घरच्या बायकांनी रुमाल हलवले. ऊन कलंडलं तेव्हा शेवटची ओळ संपली. मी कळ दाबली. भिंतीवर अक्षरं आली: ‘सर्व घोषणा बरोबर. चूक नाही.’

असा जल्लोष अनोमासेत गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता. बोआके-येडॉम साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. बेरीज राहिली आहे, असं मी त्यांच्या कानात सांगितलं. “आता कशाला?” साहेब म्हणाले. “इतकं सुरळीत झालंय, त्याला गालबोट नको.”

नाना दालन वर्गाला देण्यासाठी उठणार, तोच क्वाबेना पुढे आला. त्याने दारावरची पाटी काढून हातात धरली होती. “मामा, एक शंका आहे,” तो अगदी गोड आवाजात म्हणाला. “इथे लिहिलंय, अघोषित नाव वापरू नये. इथे सगळ्यांची घोषणा झाली. छत्रीवाल्यांचीसुद्धा झाली. टीचाची ओळ कुठे आहे?”

मी फळ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. सगळ्यांना ओळी वाटता वाटता माझी स्वतःची ओळ राहून गेली होती.

“नियम म्हणजे नियम,” क्वाबेना म्हणाला. “ज्याची घोषणा नाही त्याचा वापर नाही. टीचा नाही म्हणजे वर्ग नाही. पोरांनो, मासळीचे फ्रीझर आत घ्या.”

बाहेर फ्रीझर ओढल्याचा आवाज आला. माझी पाचावर धारण बसली. या दालनात दोन वर्षं वाळवीशी, उंदरांशी आणि जिल्ह्याशी भांडून उभा केलेला वर्ग माझ्याच पाटीने बुडत होता.

नानांनी जड मनाने बाफोला खूण केली. “नाना विचारतात, टीचा, तुमचा प्रकार कोणता?”

“कंत्राटी,” मी म्हटलं. घाबरलेलं माणूस खरं बोलतं.

“तो हुद्दा झाला,” क्वाबेना म्हणाला. “प्रकार विचारलाय.”

तेवढ्यात ओहेमांनी हात वर केला. फ्रीझर जिथल्या तिथे थांबले. त्या त्वुमच्या कानाशी बराच वेळ काही बोलल्या आणि त्वुमने इतक्या जोरात काठी आपटली की संगणकाचा पंखा बंद पडला.

“ओहेमा म्हणतात, टीचाची घोषणा केव्हाच झालेली आहे. टीचाचं नाव ठेवलं त्या दिवशीच झाली. नाव काय? अकुआ. अकुआ म्हणजे बुधवारी जन्मलेली मुलगी. मुलगा असता तर क्वाकू झाला असता. नावातच वार आहे, नावातच प्रकार आहे. याला निराळी ओळ लागत नाही, मेंदू लागतो.”

सभेत खसखस पिकली. त्वुमने पुन्हा काठी आपटली.

“ओहेमा पुढे म्हणतात, या गावात बायकांचा कारभार गादीकडे नाही, ओहेमांकडे आहे. टीचा बाई आहे, म्हणून वर्ग ओहेमांचा आहे. वर्ग ओहेमांचा, म्हणून दालन ओहेमांचं. मासळी उन्हातून हलवावी, वास यायला लागलाय.”

“पण आई—” क्वाबेना म्हणाला.

“ओच्यामेमार्फत,” त्वुम म्हणाला.

दालन वाचलं. मी तिथेच खाली बसले आणि सगळ्यांदेखत रडले, आणि ओहेमांनी त्वुममार्फत मला रुमाल पाठवला. वर्ग आजही जोरात चालतो. आमच्याकडे घोषणा इतक्या उत्तम शिकवतात की मुलं थेट जिल्हा कार्यालयात लागतात. बेरजेचा धडा नववा असल्यामुळे तिथवर अजून कुणी पोचलेलं नाही.

आता एक शेवटचं, तुमच्यापुरतं. मी बाई आहे हे ऐकून अनोमासेत कुणालाही आश्चर्य वाटलं नव्हतं. ते मला रोज पाहत होते, आणि माझं नाव त्यांना ठाऊक होतं. माझं नाव मी तुम्हालाही सुरुवातीलाच सांगितलं होतं. संगणक शिकवणारा तो टीचा तुम्ही मात्र मनात कसा रंगवलात, त्याला पँट केव्हा चढवलीत, हे मी विचारत नाही. तुमचं यंत्र तिसऱ्या भाषेतलं आहे. ते थांबतही नाही.

दंड तोच: एक मेंढा आणि श्नॅप्सच्या दोन बाटल्या. भरायला थेट ओहेमांकडे जाऊ नका. आधी त्वुमला भेटा, आणि येताना मामाला घेऊन या.